पिलाताचा फाटलेला प्रश्न

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक कपटा जपून ठेवलेला आहे. उंची 8.9 सेंटिमीटर, रुंदी 6. तळहातावर सहज मावेल एवढा. 1920 साली बर्नार्ड ग्रेनफेल यांनी इजिप्तमधून घेतलेल्या चिटोऱ्यांच्या गठ्ठ्यात तो होता. 1934 मध्ये कॉलिन रॉबर्ट्स गठ्ठा चाळत असताना ती ग्रीक अक्षरं त्यांना ओळखीची वाटली. योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय! रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो, तो प्रसंग. मजकूर दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे ही गुंडाळी नव्हती, पानांचं पुस्तक होतं. मागच्या बाजूला ‘त्याला म्हणाला’ हे शब्द शाबूत आहेत. पण सत्य म्हणजे काय, हा पिलाताचा गाजलेला प्रश्न नेमका फाटून गेलेल्या भागातला!

रॉबर्ट्स यांनी अक्षरवळणावरून हा कपटा दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. योहानाचं लेखन पहिल्या शतकाच्या अखेरीचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे मूळ आणि नक्कल यांत जेमतेम दोन पिढ्या. श्रद्धावंतांना हर्ष झाला. पण 2005 मध्ये ब्रेंट नोंगब्री यांनी दाखवून दिलं, की असंच वळण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सापडतं. आजोबांची मोडी पाहून कागदाचं साल सांगायला जावं, तसं हे. माणूस तरुणपणी शिकलेलं वळण म्हातारपणापर्यंत गिरवतो. तरीही मोह सुटत नाही. 2012 मध्ये मार्काच्या शुभवर्तमानाचा चक्क पहिल्या शतकातला तुकडा मिळाल्याची हवा झाली. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या आरंभीचा निघाला.

कपटा कधीचाही असो, हातानं उतरवलेल्या पोथीत भर पडते, हे आपल्याला नवं नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती पाठ बिघडले होते म्हणूनच. नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांत पाठभेद लाखांनी आहेत. त्यांतले बहुतेक ऱ्हस्वदीर्घाच्या तोलाचे. काही मात्र जड आहेत. मार्काचं शुभवर्तमान सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही पोथ्यांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी थांबतं: कबर रिकामी पाहून बायका घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशूचं दर्शन घडवणाऱ्या पुढच्या बारा ओव्या कुणीतरी नंतर जोडल्या. व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीवर पहिला दगड कुणी टाकायचा, ही योहानातली कथाही या पोथ्यांत नाही. मला ती अस्सल वाटते. पण वाटणं हा पुरावा नव्हे.

इथवर प्रश्न नकलेचा होता, आणि त्यात नवा करार चांगला उतरतो: पोथ्या इतक्या आहेत, की भर कुठे पडली ते पकडता येतं. पण नक्कल चोख म्हणून मूळ बातमी खरी ठरत नाही. शुभवर्तमानकार लूक येशूच्या जन्माची सांगड रोमन सुभेदार क्विरीनियच्या शिरगणतीशी घालतो. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या लेखनावरून ती गणती इसवी सन 6 मधली ठरते. आणि ज्या हेरोद राजाच्या कारकिर्दीत येशू जन्मला असं मत्तय सांगतो, तो इसवी सनापूर्वी 4 मध्ये वारलेला. हा सांधा जुळवायचे प्रयत्न पुष्कळ झाले. मला एकही पटलेला नाही.

पिलाताबाबत मात्र जमिनीनंच साक्ष दिली. 1961 मध्ये कैसरियाच्या रोमन नाट्यगृहात इटालियन उत्खननकारांना डागडुजीत वापरलेला एक चिरा मिळाला. त्यावर पिलाताचं नाव आणि ‘प्रीफेक्ट’ हा हुद्दा कोरलेला आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. तेव्हा चूक काही धर्मग्रंथच करतात असं नाही.

माणूस खरा, हुद्दा खरा. पण चौकशीच्या दालनातलं बोलणं? मार्काच्या कथेत येशू पिलातापुढे जेमतेम दोन शब्द बोलतो आणि गप्प राहतो. योहानाच्या कथेत राज्यावर आणि सत्यावर दोघांचा चांगला संवाद रंगतो. फिर्यादी तर विटाळ होईल म्हणून आत पाऊलही टाकत नाहीत, ते बाहेरच उभे, हे योहानच सांगतो. मग आतलं बोलणं ऐकलं कुणी, ते त्यानं कुठेच लिहिलेलं नाही.