बॉनेटवर जाऊ नका

“बंद करून ठेवला तेव्हा चालू होता.” अमेरिकेत जुना गार्डन ट्रॅक्टर विकायला काढणारा माणूस जाहिरातीत हमखास हे वाक्य टाकतो. तो खोटं बोलत असतो असं नाही. कधी बंद केला, एवढंच सांगत नाही.

1960 आणि 70 च्या दशकांत तिथल्या उपनगरांत आणि खेड्यांत हे छोटे ट्रॅक्टर घरोघरी गेले. गवत कापायला, परसातली भाजीची जमीन नांगरायला, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायला. आजोबा गेल्यावर नातवंडं शेड रिकामी करायला घेतात, तेव्हा ते बाहेर येतात. ओहायो-इलिनॉयकडे एकर-दोन एकरांचं घर घेतलेल्या आपल्या मंडळींनाही कधी कधी हा नाद लागतो. नाद वाईट नाही. फक्त नवखा माणूस रंग बघतो, नाव बघतो, हॉर्सपॉवर विचारतो, आणि नेमक्या याच गोष्टी कुणीही एका सुट्टीत बदलू शकतो. सहजी बदलत नाही ते सगळं खाली असतं, बिडाचं असतं आणि ग्रीस-मातीने माखलेलं असतं. किंमत तिथे आहे.

“गवत कापायचं मोठं यंत्रच ना हे?”

नाही. दुकानात आज मिळणारा लॉन ट्रॅक्टर आणि हा दिसायला सारखे, पण जात वेगळी. लॉन ट्रॅक्टरची चासी दाबलेल्या पातळ पत्र्याची, मागचा गिअरबॉक्स बहुधा ॲल्युमिनियमच्या हलक्या खोक्यातला. पोटाखालच्या पात्यांनी गवत कापणं एवढ्यासाठीच तो जन्माला आलेला. गार्डन ट्रॅक्टर जमिनीत दात रोवण्यासाठी बनवला. जाड पोलादी चासी, मागे बिडाचा गिअरबॉक्स, बारा इंची रिमवर तेवीस इंची टायर. त्याला पलटी नांगर लागतो, रोटाव्हेटर लागतो, बर्फाचं पातं लागतं. गवत कापायचं डेक हा त्यातला एक जोड, तोही काढता येणारा.

इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1960 च्या अखेरीस केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यातून पहिला कब कॅडेट काढला, तेव्हा त्याचा मागचा भाग त्यांच्याच फार्मऑल कब या शेतीच्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर बेतलेला होता. वर सात हॉर्सपॉवरचं इंजिन आणि खाली शेतावरच्या ट्रॅक्टरचे दाते. साठ वर्षांनंतर ते गिअर अजून शाबूत सापडतात, याचं कारण हे. (हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर 1963 साली महिंद्र आणि व्होल्टासबरोबर भारतात ट्रॅक्टर कंपनीत भागीदार झाली आणि आपल्याकडे बी-275 धावू लागला.)

उलट्या बाजूचा गैरसमज आपल्याकडचा. फोटो बघून काहींना वाटतं, हा म्हणजे आपला मिनी ट्रॅक्टर. द्राक्षबागेत फिरणारा पंधरा हॉर्सपॉवरचा डिझेल मिनी ट्रॅक्टर हे खरं शेतीचं यंत्र आहे. हा पेट्रोलवरचा, परसबागेच्या मापाचा. कोकणातली वाडी कसायला असला एखादा मागवावा असं मनात आलंच, तर तो बेत सोडून द्यावा.

“बॉनेटवर नाव आहे तोच बनवणारा”

हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, कारण सुटे भाग शोधताना तो आडवा येतो. त्या काळात मोठ्या शेती कंपन्यांना आपल्या दुकानात छोटा ट्रॅक्टरही हवा होता, पण तो स्वतः बनवायचा नव्हता. मग दुसऱ्याकडून बनवून घ्यायचा आणि आपला रंग, आपलं नाव लावायचं. जेकबसन या विस्कॉन्सिनच्या कंपनीचा ट्रॅक्टर फोर्डच्या नावाने विकला गेला, ऑलिव्हरच्या नावाने गेला, मिनियापोलिस-मोलिनच्या नावाने ‘टाउन अँड कंट्री’ म्हणूनही गेला. ॲलिस-चाल्मर्सचे छोटे ट्रॅक्टर विस्कॉन्सिनच्याच पोर्ट वॉशिंग्टन गावी सिम्प्लिसिटीच्या कारखान्यात बनत. पुढे 1965 साली ॲलिस-चाल्मर्सने सिम्प्लिसिटी विकतच घेतली. त्यामुळे ॲलिसचा एखादा भाग मिळत नसेल तर त्याच वर्षांचा सिम्प्लिसिटी शोधायचा, आणि तो अनेकदा निमूट बसतो.

सिअर्स या दुकानांच्या साखळीचं तर विचारूच नका. तिथे पाटीवरच्या मॉडेल नंबरातले पहिले तीन आकडे बघायचे. ते कुणी बनवलं ते सांगतात. 917 असेल तर रोपर. इंजिनाच्या पाटीवर 143 असेल तर ते टेकुमसेचं. एवढं ठाऊक असलं की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं.

नावं हात बदलतात हेही लक्षात ठेवायचं. इंडियानातल्या साउथ बेंडची व्हील हॉर्स 1974 साली अमेरिकन मोटर्सकडे गेली, 1986 साली टोरोकडे. कब कॅडेट 1981 साली एमटीडीकडे. केसने 1964 साली कोल्ट नावाची छोटी कंपनी घेऊन या धंद्यात पाय टाकला आणि त्याच घराण्याचे ट्रॅक्टर पुढे इंगरसोल नावाने निघाले. ‘व्हील हॉर्स आहे’ एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या मालकाच्या काळातला, ते विचारा.

रंगाचंही तसंच. पांढऱ्या अंगाचा, निळ्या बॉनेटचा जॉन डिअर पुढ्यात आला की लोक म्हणतात, कुणीतरी हौसेने रंगवलाय. 1969 साली जॉन डिअरने स्वतःच पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, नारिंगी, निळं किंवा पिवळं बॉनेट आणि तशीच सीट देऊ केली होती. ‘पॅटिओ’ मालिका म्हणतात तिला. चालली नाही फारशी. हिरव्या-पिवळ्याची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला निळा जॉन डिअर पचणं अवघडच होतं. आज मात्र अशा मूळ रंगाच्या ट्रॅक्टरसाठी संग्राहक जास्त मोजतात. त्यामुळे असा रंग दिसला की त्यावर हिरवा मारण्याआधी खालचे थर तपासा.

“इंजिनाचा नंबर बघितला, साल कळलं”

इंजिनाचं साल कळलं असेल. ट्रॅक्टरचं नाही. कब कॅडेट, जॉन डिअर, व्हील हॉर्स, केस, सगळ्यांनी कोहलरची के-मालिकेतली इंजिनं वापरली. (आपल्याकडे नव्या फ्लॅटमधून ज्यांचे नळ आणि बेसिनं बसवतात, तेच कोहलर घराणं.) एका ट्रॅक्टरचं इंजिन गेलं की शेजारच्या मोडक्या ट्रॅक्टरचं काढून बसवायचं, फार तर ऑइल पॅन बदलायचं, हा तिथला गावोगावचा उद्योग. त्यामुळे इंजिनाची पाटी आणि ट्रॅक्टरची पाटी दोन्ही वाचायच्या. कोहलरच्या पाटीवर मॉडेल आणि सीरियल नंबराखेरीज एक स्पेसिफिकेशन नंबर असतो. हे इंजिन मुळात कोणत्या ट्रॅक्टरवाल्यासाठी बनलं, ते त्यावरून शोधता येतं. पाटी तुटली असेल तर बिडाच्या भागांवर ओतकामातच उठवलेले आकडे वायर ब्रशने घासून वाचायचे. ते कुणी बदलत बसत नाही.

मॉडेलचा आकडा हॉर्सपॉवरचा नसतो. के-241 म्हणजे सुमारे 24 घनइंच आणि शेवटचा 1 म्हणजे एक सिलिंडर. के-482 म्हणजे दोन सिलिंडर. के-241 दहा हॉर्सपॉवरचं, के-301 बाराचं, के-321 चौदाचं, के-341 सोळाचं. आणि सोळावालं घ्यावं असंच प्रत्येकाला वाटतं. पण नांगराला लागते ती चाकांची पकड आणि वजन. मागच्या चाकांना बिडाची वजनं अडकवलेला दहा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, हलक्या सोळावाल्याची चाकं जागेवर फिरत असताना, निवांत सरी काढत जातो.

“कॉम्प्रेशनच नाही, इंजिन गेलं”

या एका वाक्यापायी कितीतरी चांगली इंजिनं भंगारात गेली असतील. प्लग काढायचा, तिथे गेज लावायचा, सेल्फ मारायचा. काटा जेमतेम हलतो. बघणारा मान हलवतो आणि किंमत पाडून मागतो, किंवा निघून जातो.

कोहलरच्या के-मालिकेतल्या बहुतेक मोठ्या इंजिनांत कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते. इंजिन हळू फिरत असताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणजे आत दाब साठत नाही आणि सेल्फला किंवा दोरी ओढणाऱ्या हाताला इंजिन सहज फिरवता येतं. इंजिन सुरू होऊन वेग आला की ती आपोआप बाजूला होते. सेल्फच्या वेगावर दाब कमी दाखवणं हे त्या इंजिनाचं कामच आहे.

खरी परीक्षा वेगळी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणायचा, क्रँक पक्का अडकवून ठेवायचा (नाहीतर हवेच्या दाबाने तो गरकन फिरतो आणि पाना हातावर येतो), आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग फक्त कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. तेलाच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा आणि बोअर. व्हॉल्व्हचं काम स्वस्तात होतं, कारण ते ब्लॉकमध्येच बसवलेले असतात आणि वरचं हेड म्हणजे बोल्टांनी आवळलेलं झाकण. बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा तर खर्च चढतो. सौदा करताना हा फरक कळलेला बरा.

इंजिन जाम असेल तरी तेवढ्याने ते मेलेलं नसतं. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओतून काही दिवस तसंच ठेवायचं, मग फ्लायव्हीलला हाताने मागेपुढे हलकं हलवत राहायचं. हातोडा मारणाऱ्याला जवळ येऊ देऊ नका.

“जुनं बिडाचं इंजिन, त्याला काही होत नाही”

ब्लॉक बिडाचा, हे खरं. पण आतला कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि मधे वेगळी बेअरिंग न घालता थेट क्रँकवर फिरतो. तेलाचा पंपही नसतो. रॉडच्या टोकाला असलेली जीभ तेलात बुडून शिंतोडे उडवते, तेवढंच वंगण. पातळी खाली गेली, किंवा गव्हर्नर बिघडून वेग 3600 फेऱ्यांच्या पलीकडे गेला, की रॉड तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो. मोठ्या मॉडेलांपैकी अनेकांत थरथर कमी करण्यासाठी दोन बॅलन्स गिअरही बसवलेले असत. त्यांची बेअरिंगं झिजली की तेच गिअर सुटून आतला सगळा संसार मोडतात. म्हणून इंजिन उघडलंच तर बरेच जुने कारागीर ते काढून ठेवतात आणि थोडी जास्त थरथर सोसतात. मला ते पटतं.

तेल बदलण्याइतकंच महत्त्वाचं एक काम लोक विसरतात. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कवच काढून आत बघणं. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या ट्रॅक्टरमध्ये उंदरांनी तिथे गवत आणि कापसाचं घर केलेलं असतं. वारा अडतो, इंजिन तापतं, आणि पहिल्याच दिवशी हेडचं गॅस्केट जातं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढणं, रबरी नळ्या नव्या घालणं हे त्याच बैठकीत उरकावं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

चार्जिंग होत नसलं की डायनॅमो गेला असंही पटकन ठरवलं जातं. अनेक मॉडेलांत सेल्फ आणि डायनॅमो एकाच डब्यात, पट्ट्यावर चालणारे. बराच काळ पडून राहिला किंवा बदलला की त्याच्या लोहचुंबकाला पुन्हा दिशा द्यावी लागते. रेग्युलेटरवरचे बॅटरीचे आणि जनरेटरचे टर्मिनल तारेने क्षणभर जोडायचे, बस.

“रंग दिला की रिस्टोअर झाला”

चकचकीत रंगाचा ट्रॅक्टर विकायला आला तर मी अधिक सावध होईन. लांबीखाली तडा गेलेली चासी लपते, गळणाऱ्या सीलवरचं तेल पुसलं जातं. रंगाच्या खर्चाच्या बदल्यात किंमत तेवढी वाढेल हेही धरून चालू नका. इंजिन, टायर, पट्टे, सीट आणि रंग यांचा हिशोब बहुधा बाजारभावाच्या पुढे जातो. मूळ रंग थोडा उडालेला पण अस्सल असेल तर धुऊन, मेण लावून ठेवणारे संग्राहक वाढताहेत. आणि खरवडायचाच असेल तर त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, ब्रेक-क्लचच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस. कोरडा पॉलिशपेपर घासू नका, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. वाळूचा फवारा मारणार असाल तर सील आणि ब्रीदर बंद केल्याशिवाय नको. वाळूचा एक कण आत गेला तर सगळी मेहनत पाण्यात.

मागच्या गिअरबॉक्समध्ये ‘जाड ते चांगलं’ म्हणून कुठलंही गिअर ऑइल ओतणं हा असाच हौशी उपद्व्याप. कब कॅडेटला हाय-ट्रान नावाचं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं तेल लागतं. आपलं मॉडेल कुठलं तेल मागतं, ते पुस्तिकेत बघूनच झाकण उघडा.

सुटे भाग मिळत नाहीत ही तक्रारही अर्धीच खरी. कोहलरचे पॉइंट, कंडेन्सर, कार्ब्युरेटरचे किट, रिंगा आजही घरपोच येतात. मिळत नाहीत ती वेड्यावाकड्या आकाराची बिडाची ब्रॅकेटं, जाळ्या, आणि सर्वांत जास्त म्हणजे जोड. गवताचं डेक, नांगर अडकवायचा हिच, बर्फाचं पातं. म्हणून सौदा ठरला की पैसे देण्याआधी शेडच्या मागच्या भिंतीकडे बघून घ्या. तिथे गवतात पडलेलं गंजकं लोखंड याच ट्रॅक्टरचं असण्याची शक्यता मोठी, आणि त्या दिवशी विकणारा ते बहुतेक फुकट देतो.