सांडपाणी वळवलं, तलाव निवळला
अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९५५ साली ऑसिलेटोरिया हे नीलहरित शेवाळ आढळलं आणि शास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी धोका ओळखला. प्रक्रिया केलेलं सांडपाणी तलावात येत होतं. त्यातल्या फॉस्फरसवर शेवाळ पोसलं जात होतं.

एडमंडसन यांनी हे लोकांपुढे मांडलं. १९५८ मध्ये मतदारांनी सांडपाण्याच्या नव्या यंत्रणेला कौल दिला, आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी तलावापासून वळवण्यात आलं. पूर्वी पाण्यात जेमतेम मीटरभर खोल दिसायचं. पुढच्या दशकात कित्येक मीटर दिसू लागलं.

हा तलाव खोल, शिवाय नद्यांचं ताजं पाणी मिळणारा. उथळ तलावांत मात्र गाळातला फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात मिसळत राहतो. तिथं गाळही काढावा लागतो. पण सांडपाण्याचे नाले तलावात तसेच वाहते ठेवून त्यावर पोसलेली जलपर्णी नुसती उपसणं हा निव्वळ पैशाचा अपव्यय आहे.