हातभर लांबीचं इंजिन

जर्मन मॉडेल-रेल्वेचं सर्वांत रुळलेलं प्रमाण म्हणजे 'एचओ', १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ग्योपिंगेनची मेर्क्लिन ही १८५९ साली सुरू झालेली कंपनी १९३५ पासून या मापाच्या आगगाड्या बनवते आहे.

या मापात '०५ ००२' बघा. ११ मे १९३६ रोजी हॅम्बुर्ग-बर्लिन मार्गावर ताशी २००.४ किलोमीटर वेग गाठणारं हे बोर्झिग कंपनीचं वाफेचं इंजिन. त्याची चालकचाकं २.३ मीटर व्यासाची, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारी. मॉडेलमध्ये तीच चाकं जेमतेम २६ मिलिमीटरची होतात आणि टेंडरसह (कोळसा-पाण्याच्या जोडडब्यासह) सव्वीस मीटरचं इंजिन ३० सेंटिमीटरमध्ये बसतं. विक्रमी वेगाची नक्कल करायची, तर मॉडेलने सेकंदाला ६४ सेंटिमीटर धावायला हवं.

खऱ्या इंजिनात वाफ दट्ट्यांना ढकलते, दट्टे दांड्यांमार्फत चाकं फिरवतात. मॉडेलमध्ये उलटं: विजेची मोटर चाकं फिरवते आणि चाकं दांड्या हलवतात. धुराड्यातून निघतो तो तापवलेल्या खास तेलाचा धूर. मेर्क्लिनचं सर्वांत अरुंद प्रचलित वळण ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं, प्रत्यक्षात सुमारे ३१ मीटर. इतक्या अरुंद वळणावर खरं इंजिन रुळांवर टिकलंच नसतं. म्हणून मॉडेलकारांना चाकांना जास्त मोकळीक द्यावी लागते, आणि ती डोळ्यांना खुपू न देणं हेच खरं कसब.

विक्रमवीर ००२ भंगारात गेलं. त्याचं भावंड '०५ ००१' मात्र न्यूर्नबर्गच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे.