थरांची गादी, घरच्या घरी

आधी जुनी उसवा

गडचिरोली जिल्ह्यात पावसाची सरासरी 1,300 मिलिमीटरच्या वर आहे. एवढ्या दमट हवेत गादीतला कापूस ओल धरतो, त्याचे गठ्ठे होतात आणि माणूस झोपतो तिथं खड्डा पडतो. अशी गादी टाकून देण्याआधी चार टाके उसवून आत हात घाला. कापूस पिवळा पडलेला पण कोरडा असेल, तर पिंजून घेतल्यावर तो पुन्हा फुलतो. कुबट वास किंवा काळे डाग असतील तर मात्र मोह नको. सहा बाय तीन फुटांच्या गादीला साधारण 8 ते 10 किलो कापूस लागतो. त्यातला निम्मा जुन्यातून निघाला तरी खर्च बराच उतरतो.

प्रत्येक थराला वेगळी खोळ

सगळं एकाच खोळीत कोंबलं की एक भाग बिघडल्यावर सगळी गादी उसवावी लागते. म्हणून थर सुटे शिवावेत आणि बाहेरून चेनची एक मोठी खोळ घालावी. खोळींना गादीपाटाचं जाड, घट्ट विणीचं कापड घ्या. विरळ कापडातून कापूस बाहेर येतो.

सर्वांत खाली काथ्याचा थर, दोन इंच. बाजारात मिळणारा हा थर म्हणजे नारळाच्या काथ्यावर रबराच्या चिकाचा फवारा मारून दाबलेली लादी. पूर्वी याच जागी धानाचं तणस अंथरत. ते फुकटात मिळतं, पण उंदीर आणि ओल दोन्ही बोलावतं. मी ते गादीत घालणार नाही.

मध्ये पिंजलेला कापूस, तीन-चार इंच. गडचिरोली धानाचा जिल्हा. कापूस पिकतो तो चंद्रपूरकडच्या वरोरा-राजुरा पट्ट्यात. दाभण आणि जाड दोऱ्यानं वीतभर अंतरावर टाके घाला, नाहीतर कापूस कडेला सरकतो.

सावरीचा कापूस

आपल्या जंगलाची खरी देणगी ही. काटेसावर पानं गाळून लाल फुलांनी भरते आणि उन्हाळ्यात तिची बोंडं तडकतात. तडकण्याच्या बेतात असलेली बोंडं उतरवून, वाळवून, बिया काढून घ्यायच्या. हे तंतू आखूड आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यांचं सूत कातता येत नाही. पण ते आतून पोकळ असतात, वरून मेणचट असतात, त्यामुळे हलके राहतात आणि पाणी लवकर शोषत नाहीत. पांढऱ्या सावरीच्या अशाच कापसानं एके काळी जहाजांवरची लाइफ जॅकेटं भरत.

मात्र सावरीची अख्खी गादी करू नका, ती लवकर चपटी होते. पोकळ तंतूंत हवा अडकल्यानं ऊबही फार धरते. इंच-दीड इंचाचा वेगळा थर करा: थंडीत वर घालायचा, मे महिन्यात काढून ठेवायचा.

लॅटेक्स घ्यायचं असेल तर

कापसाऐवजी मधल्या थराला लॅटेक्सची लादी चालते. रबराच्या झाडाचा चीक फेसाळून, साच्यात ओतून, वाफेवर पक्का करतात; 1929 मध्ये इंग्लंडमध्ये डनलॉपच्या तंत्रज्ञांनी ही रीत बसवली. उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून साच्यात खिळे असतात, लादीवरची भोकं त्यांचीच. घनमीटरला 75 किलो घनतेची सहा इंच जाड लादी सहा बाय तीनच्या मापात सुमारे 19 किलो भरते. एकट्यानं उलटवणं कठीण. दोन-तीन इंचांच्या सुट्या लाद्या घेतलेल्या बऱ्या.

ऊन आणि सावली

इथं हमखास गोंधळ होतो. कापूस आणि सावर यांना ऊन पाहिजे: पाऊस उघडला की अंगणात खाटेवर टाका, दुपारी उलटा, काठीनं झोडपा. लॅटेक्सला ऊन वर्ज्य; उन्हात ते पिवळं, ठिसूळ होऊन भुगा पडू लागतं. त्याला सावलीतलं वारं द्यायचं. त्यासाठी पलंगाला सलग फळीऐवजी फटी ठेवून पट्ट्या मारून घ्या.

मच्छरदाणीचं माप

मलेरियाच्या या जिल्ह्यात मच्छरदाणी सुटत नाही. थर रचून गादी आठ इंचांवर गेली की जुन्या मच्छरदाणीची कड खाली खोचायला पुरत नाही, म्हणून खोळी शिवण्याआधीच मच्छरदाणी लावून उंची ठरवा. मच्छर अगरबत्ती मात्र सावरीच्या गादीजवळ नको. हा कापूस ठिणगीनंही भडकतो.