शाळा, घर आणि 21 किलोमीटर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन म्हणजे 21 किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. "शाळा, मुलं सांभाळून हे जमणार कसं?" अम्मीनं विचारलं. उत्तर सोपं आहे: रोज धावायची गरजच नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी फजरनंतर पाऊण तास, सहज बोलता येईल इतक्याच वेगानं. शनिवारी चढाचा सराव. अकलूजची जमीन सपाट, म्हणून पायऱ्या किंवा पुलाचा चढ पुन्हा पुन्हा. रविवारी लांब पल्ला, अगदी सावकाश. बाकी दिवस आराम. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध मजबूत व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून आठवड्याला एखादाच किलोमीटर वाढवा, नाहीतर गुडघा बोलायला लागतो.

उसाच्या हंगामात अंधारात सांभाळा. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरची वाहनं दिसतील असं धावा.

शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लांब पल्ल्याच्या धावण्यातूनच पुढे आली आणि 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली.

एक चूक मी केली. घरी न विचारता रविवार ठरवून टाकले. तिसऱ्या रविवारी बेगम म्हणाली, "सुट्टी फक्त तुमचीच का?" आता आठवड्याचा कागद आधी घरात वाचतो. रविवारी आठला परत, मग नाश्ता माझ्याकडे. बुधवारी पहाटे ती चालायला जाते, डबे मी भरतो. धावणं तेव्हापासूनच टिकलं.