चौथा हिस्सा दुधात

पहाटे 4.30
संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. वहिनी गोठ्यातला दिवा लावतात. दुभत्या गाई आठ, सगळ्या एचएफ संकरित. आत पाऊल टाकलं की वास नाकाला झोंबतो, डोळे चुरचुरतात. हा अमोनिया. मुतात युरिया असतो. त्यात शेण मिसळलं की शेणातल्या जंतूंमुळे काही तासांतच त्याचा अमोनिया होऊन उडू लागतो. म्हणून वहिनी आधी खोरं धरतात, मग दुधाची बादली. शेण घमेल्यात. मूत कोब्याच्या उतारावरून नालीत, नालीतून टाकीत. हा उतार नव्यानं काढून घेतला, तेव्हा गवंडी आणि सिमेंट मिळून 9,000 रुपये गेले.

5.15
सड धुवायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे, मशीन लावायचं. एका वेळी दोन गाई. लाइट गेली तर सगळ्या हातानं पिळायच्या. आज लाइट आहे.

6.45
दीर मोटारसायकलवरून कॅन संकलन केंद्रावर नेतो. 68 लिटर. फॅट 3.8, एसएनएफ 8.5. दर 33 रुपये. पावतीवर 2,244.

8.00
वैरणीची वेळ. दिवसाचा खरा हिशेब इथं लागतो.

आढ्याला ताणकाटा टांगलाय. मुरघास, कडब्याची कुट्टी, लसूणघास, सगळं तोलून गव्हाणीत. पूर्वी प्रत्येक गाईला 4 किलो सरकी पेंड आणि वर पाटीभर लसूणघास पडायचा. दोन्हींत प्रथिनं भरपूर. आता पेंड 3 किलो, मक्याचा भरडा 1 किलो, लसूणघास निम्मा. वर खनिज मिश्रण आणि मीठ.

डॉक्टरांनी वहिनींना कारण समजावलं होतं. गाईच्या पोटातले जंतू प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनिया निघतो. त्याच अमोनियावर ते जंतू वाढतात आणि पुढं पचून गाईच्या अंगी लागतात. पण त्यांना त्याच वेळी ऊर्जा हवी. ती मक्यातून मिळते. ऊर्जा कमी पडली किंवा प्रथिनं जास्त झाली, की उरलेला अमोनिया रक्तात जातो. यकृत त्याचा युरिया करतं. तो थोडा दुधात उतरतो, बराचसा मुतातून बाहेर.

दिवसाला 20 लिटर देणारी गाय चाऱ्यातल्या प्रथिनांतून 400 ग्रॅमच्या आसपास नत्र खाते. दुधात उतरतं जेमतेम 100 ग्रॅम. बाकीचं शेणामुतात.

सासूबाईंचा विरोध होता. “पेंड तोडली की फॅट जाईल बघ.” पंधरवडाभर पावत्या जपून ठेवल्या. फॅट हलली नाही, दूध घटलं नाही. पेंड 36 रुपये किलो, भरडा 25. गाईमागे 11 रुपये, आठ गाईंचे रोज 88.

11.00
शेण खड्ड्यावर. प्रत्येक थरावर उसाचं पाचट पसरायचं. पाचट कुजताना मोकळं नत्र धरून ठेवतं. वर पत्र्याचं छप्पर, ऊन-पाऊस थेट लागत नाही. घमेली पंचवीसच्या वर जातात. वहिनी मधेच कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात, पुन्हा वाकतात.

दुपारी 1.30
गाई आवारात मोकळ्या सोडल्यात, सावलीत बसून रवंथ करतात. वहिनी जेवून वहीत आकडे मांडतात. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेल्या तर हजेरी 350 रुपये. गोठ्यातली त्यांची हजेरी वहीत कुठंच नाही.

4.30
पुन्हा खोरं. आवारातलं शेणही उचलायचं. उन्हात पडून राहिलं तर अमोनिया आणखी वेगानं उडतो. मग संध्याकाळची धार. 57 लिटर.

6.30
ऊन उतरलंय, वारा पडलाय. टाकीतलं मूत मक्याच्या पाण्याबरोबर सरीत सोडायचं. दुपारी सोडलं असतं तर बरंच हवेत गेलं असतं. आता पाण्याबरोबर मातीत मुरतं. दीर दारं धरतो, वहिनी टाकीचा कॉक सांभाळतात. गेल्या हंगामात मक्याला युरियाच्या दोन गोण्या कमी लागल्या.

रात्री 8.30
झोपण्याआधी एकदा शेण मागं ओढायचं. वास आहे, पण डोळे चुरचुरत नाहीत.

खाल्लेल्या नत्राचा चौथा हिस्सा दुधात जातो. उरलेले तीन हिस्से शेतात न्यायचे की वाऱ्यावर सोडायचे, हे खोऱ्यावर, उतारावर आणि ताणकाट्यावर ठरतं. तुमच्या गोठ्यात पहाटे डोळ्यांतून पाणी येत असेल, तर पेंडेची पुढची गोणी आणण्याआधी गव्हाणीत काय पडतं ते एकदा तोलून बघा.