हप्ता फिटला, कुलूप राहिले

चाटी गल्लीतील कापडाची पेढी असो वा मार्केट यार्डातील आडत, बिलाच्या माथ्यावर छापलेला भ्रमणध्वनी क्रमांक दुकानाच्या पतीइतकाच जपावा लागतो. विजयपूर, कलबुर्गीकडील गिऱ्हाईक तो एकदा वहीत लिहून ठेवते आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच क्रमांकावर मालाची मागणी नोंदवते. हा क्रमांक आणि तो ज्या यंत्रावर वाजतो ते यंत्र, ही दोन्ही एकेकाळी कंपनीच्या मुठीत होती.

धीरूभाई अंबानी यांच्या जन्मदिनी, २८ डिसेंबर २००२ रोजी, रिलायन्सने सीडीएमए पद्धतीची भ्रमणध्वनी सेवा सुरू केली. पुढच्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ योजना आली. प्रारंभी अवघे ५०१ रुपये भरावेत आणि उरलेली किंमत दरमहाच्या बिलातून फेडावी, असा तो व्यवहार होता. ज्या घरांत फोन ही श्रीमंतीची खूण मानली जात होती, तेथे तो पोहोचला. हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्या फोनमध्ये सिमकार्ड घालण्याची सोयच नव्हती. ग्राहकाची ओळख यंत्राच्या स्मृतीतच नोंदलेली असे. सेवा न आवडल्यास यंत्र निरुपयोगी होई आणि क्रमांकही सोडावा लागे.

उधारीचा व्यवहार व्यापारी घराण्यांना नवा नाही. माल आधी द्यायचा, पैसे मागाहून घ्यायचे, तर काही तारण हवेच. कंपनीने स्वस्तात दिलेल्या यंत्रावर काही काळ कुलूप ठेवले, यात गैर काही नाही. आक्षेप पुढे आहे. गहाण सुटल्यावर सावकार दागिना परत करतो. येथे शेवटचा हप्ता फिटल्यानंतरही कुलूप तसेच राहिले. ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल व व्होडाफोन यांनी आयफोन ३जी भारतात आणला, तेव्हा तर उधारीचेही निमित्त नव्हते. आठ जीबीच्या यंत्राचे सुमारे एकतीस हजार रुपये रोख मोजून घेतले, आणि तरीही ते विकणाऱ्या कंपनीच्याच सेवेला बांधलेले होते.

खोटी मापे आणि भेसळीचा व्यवहार यांची गणना जैन आचारशास्त्राने अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत केली आहे. बंधन सांगून घातले तर तो करार होय. न सांगता घातलेले बंधन या अतिचारांच्या फार जवळ जाते.

क्रमांकाची सुटका आधी झाली. २० जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. शुल्क होते १९ रुपये. तरी एक अडचण उरली. सोलापूर महाराष्ट्र परिमंडळात मोडते, मुंबईचे परिमंडळ स्वतंत्र. त्यामुळे पुण्याला गेलेल्या मुलाचा क्रमांक टिके, मुंबईत पेढी काढणाऱ्याचा मात्र सुटे. हा भेद ३ जुलै २०१५ रोजी संपला. २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची ध्वनिसेवा बंद झाली, तेव्हा याच तरतुदीमुळे ग्राहकांना आपले क्रमांक घेऊन दुसरीकडे जाता आले.

यंत्राच्या बाबतीत इतर देशांनी स्पष्ट कायदे केले. अमेरिकेत कुलूप उघडण्याचा ग्राहकाचा हक्क ऑगस्ट २०१४ मध्ये कायद्याने मान्य झाला. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यासच मनाई केली. आपल्याकडे बहुतेक फोन मोकळेच विकले जातात, म्हणून या प्रश्नाची धग फारशी जाणवत नाही. तथापि २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन आलेला जिओफोन जिओच्याच सिमवर चालत असे, हे अनेकांना घरी आणल्यावर कळले.

आता कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती जात आहे. कर्जावर घेतलेल्या काही फोनमध्ये कर्ज देणारी संस्था असे ॲप घालते की, हप्ता चुकताच पडदा बंद व्हावा. ज्याचे सारे देणे-घेणे यूपीआयवर चालते, त्या छोट्या दुकानदाराचा गल्लाच त्या दिवशी बंद होतो. नवी पेठेत फोन घेताना किमतीची घासाघीस सारेच करतात. यंत्रात असे ॲप आहे काय आणि शेवटच्या हप्त्यानंतर ते कोण काढून देणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो, आणि पावतीवर लिहून घेणारा त्याहून विरळा.